रोज रात्री नऊचा प्रश्न : मित्रांच्या ग्रुपवर जनरल नॉलेज कसं चालवावं

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप २०२० च्या एप्रिलपर्यंत कुठल्याही ग्रुपसारखाच होता. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुठल्यातरी डॉक्टरांच्या नावाने फिरणारे काढे, रात्री राजकारणावरून दोघांची जुंपली की तिसरा ग्रुप सोडून जाणार. लॉकडाऊनमध्ये एका रात्री कंटाळून मी विचारलं, "महाबळेश्वरला उगम पावणारी कोणती नदी अरबी समुद्राला मिळते?" आम्ही सगळे कऱ्हाडचे, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर खेळून मोठे झालेलो. तरी निम्म्यांनी ठोकून दिलं, "कोयना!" अरे बाबांनो, कोयना आपल्याच गावात कृष्णेला मिळते, रोज बघत होतात की! उत्तर सावित्री. पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून ती समुद्रात जाते. सासर महाडचं असलेल्या मैत्रिणीने मग २०१६ च्या पुरात वाहून गेलेल्या सावित्रीवरच्या पुलाची आठवण काढली, कोणी शाळेच्या सहलीत पंचगंगा मंदिरात कोण हरवलं होतं ते काढलं, आणि रात्री साडेअकरापर्यंत ग्रुप जागा होता.

तेव्हापासून रोज एक प्रश्न चालू आहे. मधल्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हालाही आमच्या सोसायटीच्या, ऑफिसच्या, मावस-मामे भावंडांच्या ग्रुपवर सुरू करायचंय, कसं करू? त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले ते इथे एकदा सलग लिहून टाकते.

आधी वेळ ठरवा, मग प्रश्न

लोक उलटं करतात. उत्साहात पहिल्या दिवशी पाच प्रश्न टाकतात, दुसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी गायब. रोज एक. एकच. आणि रोज त्याच वेळी.

आम्ही सुरुवातीला सकाळी आठची वेळ ठेवली होती. ती साफ फसली, कारण आठ वाजता शुभ सकाळचे फोटो येतात आणि प्रश्न त्या फुलांखाली गाडला जातो. मग रात्री नऊ ठरली. जेवणं आटोपलेली असतात, भांडी व्हायची असली तरी फोन हातात असतो. परदेशात कोणी असेल तर त्यांचंही गणित मांडून बघा. आपले नऊ म्हणजे शारजात संध्याकाळचे साडेसात. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. म्हणून उत्तर त्याच रात्री द्यायचं नाही. आजच्या नऊच्या प्रश्नाचं उत्तर उद्या नवाला, आणि त्याच्या पाठोपाठ नवा प्रश्न. चोवीस तास मिळाले की झोपलेला, ड्युटीवर असलेला, लोकलमध्ये रेंज नसलेला असा कोणीच मागे राहत नाही.

प्रश्न पिन करून ठेवा. व्हॉट्सॲपवर मेसेज चोवीस तासांसाठी पिन करता येतो, आपल्याला नेमकं तेवढंच हवंय.

आणि सुरू करण्याआधी वहीत किमान पंधरा प्रश्न लिहून तयार ठेवा. घरात कोणी आजारी पडतं, लग्नसराई येते, मार्चएंड येतो. पंधरा प्रश्नांची शिल्लक असली की असल्या दिवशी तारांबळ उडत नाही.

प्रश्न लिहायचा कसा

सगळी गोम इथेच आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ बसू.

नवखा माणूस एमपीएससीच्या गाइडमधून प्रश्न उचलतो. "महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?" कळसूबाई, १६४६ मीटर. चार जणांनी चार सेकंदांत लिहिलं, विषय संपला. ज्याला माहीत होतं त्याला मजा नाही आणि ज्याला माहीत नव्हतं त्याला विचार करायला काही नाही. मी एक कसोटी लावते: उत्तर माहीत नसलेल्या माणसाला निदान दोन मिनिटं डोकं खाजवता आलं पाहिजे, आणि उत्तर कळल्यावर कोणीतरी "अरे हो की!" म्हटलं पाहिजे.

एक प्रश्न मी कसा घडवला ते दाखवते. आमच्या गावाशेजारच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. त्यांच्यावर प्रश्न करायचा होता. पहिला खर्डा असा होता:

"भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?"

हा प्रश्न चुकीचा आहे. १९०० साली पॅरिसमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं मिळवली, आणि ती भारताच्या खात्यावर दाखवली जातात. ग्रुपवर एकजण तरी हे काढणारच. म्हणून "स्वतंत्र भारताला" असं केलं. आता प्रश्न बरोबर झाला, पण पुन्हा पाठांतराचाच. कऱ्हाडकराला खाशाबा विचारणं म्हणजे पुणेकराला शनिवारवाडा कुठे आहे ते विचारणं. मग तिसरा खर्डा:

"१९५२ साली हेलसिंकीत गोळेश्वरच्या पैलवानाने कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षं लागली. हा दुसरा खेळाडू कोण आणि खेळ कोणता?"

बघा, आता खाशाबा उत्तरातून प्रश्नात आले. १९५२ मध्ये ७२ मिळवायचे एवढं गणित आलं. २०२४, म्हणजे पॅरिस. मग तिथे कोणाकोणाला पदक मिळालं ते आठवायचं. उत्तर स्वप्नील कुसळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, कांस्य. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. आणि खरी मजा उत्तरानंतर आली. एकाने मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं, "त्यांचं १९७२ चं सुवर्ण कुठे गेलं?" पेटकर सांगलीकडचे, त्यांचं सुवर्ण जलतरणातलं आणि ते पॅरालिम्पिकचं. प्रश्नात मी "ऑलिम्पिक" म्हटलं होतं, त्यामुळे माझी बाजू सुटली. पण त्या रात्री ग्रुपला पेटकर कळले ते माझ्या प्रश्नामुळे नाही, त्या हरकतीमुळे.

म्हणून प्रश्नातला प्रत्येक शब्द तोलून टाका. "पहिला", "एकमेव", "सर्वांत मोठा" हे तीन शब्द म्हणजे सुरुंग. "भारतातली पहिली रेल्वे कधी धावली?" असं विचाराल तर १६ एप्रिल १८५३ हे उत्तर तुम्हाला अपेक्षित असेल, पण मद्रासकडे १८३७ सालीच दगड वाहून नेण्यासाठी रेल्वे होती. "पहिली प्रवासी रेल्वे" म्हणा, भांडण मिटलं. त्याहून बरं, तारीख प्रश्नातच देऊन टाका आणि विचारा, "बोरीबंदर ते ठाणे त्या पहिल्या गाडीला किती इंजिनं जोडली होती?" तीन, साहेब, सिंध आणि सुलतान. एकही माणूस तीन म्हणत नाही.

प्रश्नांचे प्रकार शोधायला लांब जाऊ नका. आपली मराठी शाळेतली प्रश्नपत्रिका आठवा: जोड्या जुळवा, गाळलेल्या जागा, चूक की बरोबर, गटात न बसणारा ओळखा. यातला शेवटचा प्रकार ग्रुपवर सोन्यासारखा चालतो.

"गटात न बसणारा ओळखा: वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, पु. ल. देशपांडे, विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे."

उत्तर पु. ल. बाकी चौघांना ज्ञानपीठ मिळालं, पुलंना नाही. या प्रश्नावर आमच्याकडे दीड दिवस युद्ध चाललं. कोणी म्हणे नेमाडे, कारण ते एकटेच हयात आहेत. हेही बरोबरच की! इथे एक धडा मिळाला: गटात न बसणाऱ्याला दुसरं कारण निघत नाही ना, हे आधी बघा, नाहीतर "पुरस्काराच्या दृष्टीने" असं दोन शब्दांत बांधून घ्या.

चूक की बरोबर हा प्रकारही चांगला, विशेषतः सगळ्यांची खात्री असते त्या गोष्टींसाठी. "२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन हा सी. व्ही. रामन यांचा जन्मदिवस आहे. चूक की बरोबर?" चूक. जन्मदिवस ७ नोव्हेंबरचा. २८ फेब्रुवारी १९२८ ही रामन परिणामाच्या शोधाची तारीख. दरवर्षी त्या दिवशी फिरणाऱ्या शुभेच्छांत निम्म्यांत "जयंतीनिमित्त" असतं, आता तुम्ही हसाल.

उत्तर पडताळल्याशिवाय प्रश्न टाकायचा नाही

हा नियम मी ठेच लागल्यावर केला. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?" आणि दुसऱ्या दिवशी थाटात लिहिलं, हॉकी. आमच्यातला एकजण शाळेत पी.टी. शिकवतो, त्याने शांतपणे लिहिलं की कोणताच नाही. माहिती अधिकारात विचारल्यावर २०१२ साली क्रीडा मंत्रालयानेच सांगितलंय की कुठल्याही खेळाला तसा दर्जा दिलेला नाही. मी लहानपणापासून जे घोकलं तेच ग्रुपवर टाकलं होतं. पुढचा महिनाभर मी काही लिहिलं की खाली कोणीतरी हॉकीस्टिकचा इमोजी टाकायचं.

तसंच राष्ट्रभाषेचं. राज्यघटनेत राष्ट्रभाषा नाही. कलम ३४३ मध्ये संघराज्याची राजभाषा म्हणून देवनागरीतली हिंदी आहे, आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. आणि "युनेस्कोने जन गण मन जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं" ही तर पंधरा वर्षांहून जुनी थाप, अजून ताज्या बातमीसारखी येते. "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असा शिक्का असलेल्या मेसेजमधून प्रश्न घ्यायचा नाही, मग तो कितीही गोंडस असो.

कुठे बघायचं? मराठीतल्या मराठीत सांगायचं तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, जिल्ह्यांची गॅझेटिअर आहेत, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. विकिपीडिया सुरुवात करायला ठीक, तिथेच थांबू नका. दोन वेगवेगळ्या ठिकाणी तेच उत्तर दिसलं पाहिजे, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांची कॉपी नसली पाहिजेत.

पण पुस्तकात छापलंय म्हणून आजही खरं असेलच असं नाही. उत्तरांनाही एक्सपायरी डेट असते. महाराष्ट्रात जिल्हे किती? १९६० साली २६ होते. पस्तीस पाठ केलेली पिढी आपलीच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३६ झाले. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या प्रश्नसंचातून उचललंत तर लगेच पकडले जाल. केंद्रशासित प्रदेश आता आठ आहेत, आणि हे २६ जानेवारी २०२० पासून. सर्वांत जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला? २०२३ च्या फेब्रुवारीत गुरू पुढे होता, त्याच वर्षी मे महिन्यात शनीने मागे टाकलं आणि २०२५ च्या मार्चमध्ये शनीचे २७४ झाले. असा प्रश्न टाकायचाच असेल तर "आजच्या तारखेला" हे शब्द जोडा.

सगळ्यांत कठीण ते प्रश्न, ज्यांची दोन-तीन उत्तरं खरी असतात. "महाराष्ट्राला किती किलोमीटर समुद्रकिनारा आहे?" मी वहीत ७२० लिहून ठेवलं होतं, भूगोलाच्या पुस्तकात तेच होतं. टाकण्याआधी बघितलं तर केंद्र सरकारच्या जुन्या आकडेवारीत सुमारे ६५३, आणि नव्या मोजणीत जवळजवळ ८७८! आख्ख्या देशाचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटर झाला. जमीन वाढली नाही हो. आधी मोठ्या पट्टीने मोजलं होतं, आता बारीक नकाशावर प्रत्येक खाडीत, प्रत्येक वळणात पट्टी फिरली. घराच्या कुंपणावर लांब काठी ठेवून मोजा आणि मग दोरी चिकटवून मोजा, दोरी जास्त लागते, तसंच. शेवटी मी आकडा विचारलाच नाही. प्रश्न असा टाकला: "भारताचा समुद्रकिनारा नव्या मोजणीत साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त वाढला. कसा?" रत्नागिरीच्या मित्राने लिहिलं, "आमच्याकडे भरती आलीय." पण दहा मिनिटांत आमच्यातल्या सिव्हिल इंजिनिअर बाईने बरोबर सांगितलं.

पोल की मोकळं उत्तर

पर्याय असलेला प्रश्न असेल तर पोल वापरा. पोल बनवताना एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायचा जो खटका असतो तो बंद करा, नाहीतर हुशार मंडळी चारही पर्यायांना मत देऊन मोकळी होतात. बारापर्यंत पर्याय देता येतात, पण चार पुरे.

व्हॉट्सॲपच्या पोलची अडचण अशी की कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं आणि मत बदलताही येतं. आमच्या बॅचची पहिल्या नंबरची मुलगी जिकडे मत देईल तिकडे मेंढरांसारखी रांग लागायची. एकदा तिला आधीच पटवून मुद्दाम चुकीच्या पर्यायावर मत द्यायला लावलं, अकरा जण मागे गेले. हे रोज करता येत नाही, पण वर्षातून एकदा जरूर करा. टेलिग्रामवर ग्रुप असेल तर तिथे पोलला क्विझची सोय आहे: नावं लपवता येतात, एकदा दिलेलं मत फिरवता येत नाही आणि बरोबर उत्तर आपोआप दिसतं. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या काका-काकूंना टेलिग्रामवर न्यायच्या भानगडीत मात्र पडू नका.

पर्याय एकाच घरातले हवेत. राज्यपक्षी विचारताना हरियालसोबत मोर, कावळा आणि कोंबडी ठेवली तर तो विनोद झाला. हरियाल, भारद्वाज, नीलकंठ, राघू असं ठेवा. राज्यफूल विचारताना ताम्हणाबरोबर बहावा, पळस, सोनचाफा. राज्यप्राणी शेकरूला मात्र मी पर्याय देतच नाही, तो सगळ्यांना येतो.

मोकळ्या उत्तरांच्या प्रश्नात एकच पथ्य पाळा: प्रश्न विचारणाऱ्याने चोवीस तास चेहऱ्यावरची रेषाही हलू द्यायची नाही. कोणी बरोबर लिहिलं म्हणून अंगठा दाखवायचा नाही, चूक लिहिलं म्हणून हसायचं नाही. मी सुरुवातीला चुकीच्या उत्तरांना लगेच उत्तर द्यायचे आणि बरोबर उत्तराला गप्प बसायचे. आठवड्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं की ही गप्प बसली की उत्तर सापडलं!

आणि हो, लिहिलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. आमच्या एका मित्राने एकदा चुकीचं उत्तर लिहून, बाकीच्यांचं बघून, गुपचूप बरोबर केलं आणि "मी पहिला" म्हणून नाचायला लागला. मेसेजखाली "एडिट केला" अशी बारीक अक्षरं येतात हे त्याला माहीत नव्हतं. असं उत्तर बाद, असा आमचा नियम आहे.

गूगलचं काय करायचं

करू नका असं सांगा, आणि लोक करतातच हे गृहीत धरा. शपथा घालून उपयोग नाही. प्रश्नच असा ठेवा की गूगलला नीट विचारता येऊ नये. सरळ आकड्याचा प्रश्न तीन सेकंदांत सापडतो. "धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं, त्या वर्षात त्यांच्या बाबतीत आणखी काय खास घडलं?" हे शोधायला थोडं वाचावं लागतं. त्यांनी शंभरी गाठली होती. एखाद्याने वाचून शोधलंच तर त्याने कर्व्यांबद्दल चार ओळी वाचल्या, आपलं काय गेलं?

फोटोचे प्रश्नही चांगले, पण फोटो स्वतः काढलेला हवा. इंटरनेटवरचा फोटो गूगलला दाखवून शोधता येतो. तुमच्या खिडकीतून काढलेला नाही.

उत्तर लिहिताना

नुसतं "उत्तर: जिंजी" असं लिहून पळू नका. उत्तराच्या मागची गोष्ट तीन-चार ओळींत द्या. त्या तीन-चार ओळींसाठीच लोक थांबलेले असतात. आमच्याकडे असं होतं: प्रश्न होता, "२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला एक महाराष्ट्राबाहेरचा. कोणता?" उत्तरात मी लिहिलं: तामिळनाडूतला जिंजी. राजाराम महाराजांनी रायगडाहून निघून १६८९ मध्ये तिथे आश्रय घेतला आणि मोगलांचा वेढा पडला, तो १६९८ पर्यंत. मराठ्यांची राजधानी त्या काळात तामिळ मुलखात होती. हे वाचून चेन्नईत राहणारा वर्गमित्र त्याच शनिवारी बायकापोरांना घेऊन जिंजीला गेला आणि राजगिरीच्या पायऱ्या चढताना धापा टाकत व्हिडिओ पाठवला.

उत्तर लांब असेल तर वरती चार-पाच ओळी ठिपके टाका म्हणजे उशिरा आलेल्याला सूचनेतच उत्तर दिसत नाही.

तुमचं उत्तर चुकलं तर? मोठ्याने कबूल करा. ज्याने दाखवलं त्याचं नाव घ्या. शेपूट घालून मेसेज डिलीट केला तर "हा मेसेज डिलीट केला आहे" ही पाटी राहतेच, आणि त्या पाटीवर जास्त चर्चा होते.

गुण, बक्षीस आणि भांडणं

आम्ही चार महिने एक्सेलमध्ये गुण ठेवले. लवकर उत्तराला दोन, उशिराला एक, हिंटनंतर अर्धा. अर्ध्या गुणावरून दोन प्रौढ माणसं, एक बँकेत मॅनेजर आणि एक पोलिसात, आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हती. एक्सेल बंद केलं. आता महिन्याच्या शेवटी ज्याच्या उत्तरांनी जास्त मजा आली त्याला पुढच्या भेटीत मिसळ, आणि ते ठरवायचं काम आळीपाळीने एकेकाकडे. नव्या ग्रुपने गुणांच्या फंदात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विषयांचं म्हणाल तर निवडणूक आणि जात यांच्या जवळपासचे प्रश्न ग्रुप फोडतात. तारीख की तिथी हा वादही लांब ठेवा. क्रिकेट आठवड्यातून एकदाच, नाहीतर निम्मा ग्रुप झोपतो.

एकट्याने कायम चालवू नका. तीन महिन्यांनी पाळी लावा. आमच्याकडे रविवार हा "माझं गाव" वार आहे. ज्याची पाळी तो आपण राहतो तिथला प्रश्न विचारतो. शारजाच्या मित्राने विचारलं होतं, "अमिरातींमधल्या कोणत्या अमिरातीला दोन्ही बाजूंना, पर्शियन आखात आणि ओमानचं आखात, असा किनारा आहे?" सगळे दुबई, अबू धाबी करत बसले. तो राहतो तिथली, शारजा. त्याने खोरफक्कानच्या किनाऱ्याचे फोटो टाकले आणि आमच्यातल्या तिघांनी पहिल्यांदाच त्याला विचारलं की तुझं तिकडे कसं चाललंय.

पहिल्या दिवसासाठी एक हमखास प्रश्न

कुठून सुरुवात करू असं वाटत असेल तर माझा हा घ्या, आजवर एकदाही वाया गेलेला नाही. रात्री नऊला टाका:

"खिशातली कुठलीही नोट आठवा. मागच्या बाजूला भाषांची एक उभी पट्टी असते. तिच्यात मराठी वरून कितव्या ओळीत आहे? आधी अंदाज लिहा, मगच नोट काढा."

रोज हाताळलेली वस्तू, पण कोणी बघितलेली नसते. कोणी पहिली म्हणतं, कोणी पट्टीत मराठी नाहीच म्हणून पैज लावतं. पट्टीत १५ भाषा आहेत, इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने, आसामीपासून उर्दूपर्यंत. वर सात, खाली सात आणि मधोमध आठवी मराठी. जोडीला दुसऱ्या दिवसाचा प्रश्नही तिथेच तयार होतो: महाराष्ट्रातली जागा कोणत्या नोटेवर आहे? विसाच्या, वेरूळची लेणी.

आम्ही हा टाकला तेव्हा फोन-पेवाल्या पुणेकरांकडे एकाही पाकिटात नोट निघाली नाही. शेजाऱ्यांकडे गेले, रिक्षावाल्याला थांबवलं, एकाने मुलाचा गल्ला उघडला. पहिलं बरोबर उत्तर आलं ते न्यू जर्सीच्या मैत्रिणीकडून. तिच्या पर्समध्ये शंभराची एक नोट होती, विमानतळावर आईने हातावर ठेवलेली, तिकडे ती चालत नाही म्हणून अजून मोडलेली नाही.